भेटली, भांडली, प्रेमात पडली!

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एक पुस्तक आहे. त्याच्या पहिल्या पानावर एक मुलगी आहे. गरीब, पण मानी. तिसऱ्या पानावर एक तरुण येतो. उंच, श्रीमंत आणि कपाळाला कायमची आठी. दोघं वळणावर एकमेकांवर आदळतात, तिच्या हातातली पुस्तकं धपाधप खाली पडतात, आणि हा पठ्ठ्या माफी मागायची सोडून तिलाच चार शब्द सुनावतो. ती मनात म्हणते, "किती उद्धट माणूस! याचं तोंडसुद्धा पुन्हा बघायचं नाही!"

आता सांगा बरं, शेवटच्या पानावर काय होतं?

बघा, कुणाला डोकंसुद्धा खाजवावं लागलं नाही! म्हणजे हे कोडंच नव्हतं मुळी. खरं कोडं पुढे आहे. शेवट जर तिसऱ्याच पानावर कळतो, तर मधली दीडशे-दोनशे पानं लोक वाचतात कशाला? आणि एक संपलं की तस्संच दुसरं आणतात कशाला?

मी स्वतः अशी पुस्तकं पोत्यांनी वाचलेली बाई आहे. मराठी, इंग्रजी, जुनी, नवी, लायब्ररीतली, रद्दीतली. तेव्हा या विषयावर बोलायचा थोडाफार हक्क मला आहे असं मी समजते. तुमच्यातल्याही काहीजणी भूगोलाच्या पुस्तकाआड हेच वाचतात, हे मला ठाऊक आहे. काहीजणसुद्धा! लाजू नका. आणि आईबाबा, तुम्ही भुवया उंचावायच्या आधी एकदा आपापल्या कॉलेजातली लायब्ररी आठवा बरं!

या ठरलेल्या प्रसंगांना आपण ‘साचे’ म्हणू. आजकालची मुलं त्यांना इंग्रजीतून ‘ट्रोप’ म्हणतात, आणि हल्ली तर पुस्तकाची जाहिरातच साच्याच्या नावावर होते. ‘आधी शत्रू, मग प्रेमी’, ‘खोटं खोटं लग्न’, ‘बालमैत्रीण’. हॉटेलच्या पाटीवर मिसळ, वडा, भजी लिहावं तसं!

कादंबरी नावाची मुलगी

आपल्या भाषेची एक गंमत तुमच्या लक्षात आली आहे का? इंग्रजीत ‘नॉव्हेल’ या शब्दाच्या मुळाशी ‘नवं’ असा अर्थ आहे. हिंदी-बंगालीत ‘उपन्यास’ म्हणतात. आणि आपण मराठीत काय म्हणतो? कादंबरी! (कन्नडमध्येही हाच शब्द आहे.) हे चक्क एका मुलीचं नाव आहे. सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाच्या दरबारी बाणभट्ट नावाचा लेखक होता. त्याने संस्कृतमध्ये एक लांबलचक प्रेमकथा लिहिली, तिच्या नायिकेचं नाव कादंबरी. म्हणजे तुम्ही "मी कादंबरी वाचतेय" असं म्हणता, तेव्हा दर वेळी एका प्रेमकथेतल्या नायिकेला हाक मारत असता. प्रेमकथा वाचू नका असं सांगणाऱ्या मोठ्या माणसांना हे जरूर ऐकवा!

त्या गोष्टीत काय नाही? राजाच्या दरबारात एक पोपट येतो आणि तोच गोष्ट सांगू लागतो. गोष्टीत प्रेमात पडलेल्या दोन जोड्या आहेत. एक महाश्वेता आणि पुंडरीक, दुसरी कादंबरी आणि राजपुत्र चंद्रापीड. पहिल्या भेटीत प्रेम, मग ताटातूट, मग शाप, मग मृत्यू, मग पुनर्जन्म, आणि शेवटी सगळ्यांचं मीलन. बाणभट्ट बिचारा गोष्ट पुरी व्हायच्या आतच वारला. पुढचा भाग त्याच्या मुलाने लिहून काढला. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या वाचकांनाही "पुढे काय झालं?" हे कळल्याशिवाय चैन पडलं नसणार!

मला त्यातली एक गोष्ट फार आवडते, आणि ती प्रेमाची नाही, मैत्रीची आहे. महाश्वेतेचा प्रियकर मरण पावला आहे. तो परत भेटेल या आशेवर ती तपस्विनी होऊन सरोवराकाठी राहते आहे. तिची मैत्रीण कादंबरी म्हणते, जोवर महाश्वेता दुःखात आहे तोवर मी लग्न करणार नाही. आता हे आजच्या प्रेमकथांशी ताडून बघा. आजच्या नायिकेची मैत्रीण काय करते? नायिका रडली की रुमाल देते, तो आला की "अगं, तो आला!" असं ओरडते, आणि सातव्या प्रकरणानंतर गायब होते. तिला स्वतःचं घर नाही, परीक्षा नाही, साधी सर्दीसुद्धा होत नाही. हा साचा मला अजिबात पसंत नाही.

भुंगा, घोडा आणि मुरगळलेला पाय

साचे नवे आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा मागे वळून बघावं. नायक-नायिकेची पहिली भेट घडवायची तर काहीतरी संकट हवं. कालिदासाने काय केलं? शाकुंतलात झाडांना पाणी घालणाऱ्या शकुंतलेच्या मागे एक भुंगा लावला. ती घाबरते, मैत्रिणी थट्टा करतात, आणि झाडामागे लपून बघत असलेला दुष्यंत राजा ऐटीत पुढे येतो. एका भुंग्याला हाकलायला चक्क एक राजा! पुढे दुष्यंत तिला साफ विसरतो, कारण दुर्वासाचा शाप. खुणेची अंगठी तर माशाच्या पोटात. स्मृती जाणं, हरवलेली अंगठी, वर्षांनंतरची भेट... टीव्हीवरच्या मालिका आजही याच भांडवलावर चालल्या आहेत की नाही?

तिकडे इंग्लंडमध्ये १८११ साली जेन ऑस्टिन या लेखिकेची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ ही कादंबरी आली. बाईने लिहिलेलं पुस्तक म्हणून वर नावसुद्धा छापलं नाही, नुसतं ‘एका स्त्रीकडून’ असं छापलं. त्यात मरियान नावाची मुलगी पावसात टेकडीवरून धावत उतरताना घसरते, पाय मुरगळतो, आणि एक देखणा तरुण तिला उचलून घरी पोहोचवतो. झालं! मरियानचा जीव जडतो. आपलाही जडतो, कारण साचा तसंच शिकवतो की जो उचलतो तोच नायक. पण ऑस्टिनबाई महा हुशार. तो विलोबी पुढे पन्नास हजार पौंडांची मालकीण असलेल्या दुसऱ्याच मुलीशी लग्न करून मोकळा होतो! मरियानला खरा जीव लावतो तो एक शांत, वयाने मोठा, फ्लॅनेलचा बंडी घालणारा कर्नल. म्हणजे लेखिकेने साचा वापरला तो आपल्याला फसवण्यासाठीच.

आणि १८४७ मधल्या ‘जेन एअर’ मध्ये शार्लट ब्राँटेने तर साचा उलटाच केला. बर्फावरून घोडा घसरतो, पाय मुरगळतो, पण कुणाचा? नायकाचा! आणि त्याला खांदा देऊन घोड्यावर बसवते ती किरकोळ अंगाची, दिसायला साधी शिक्षिका. वाचताना मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू!

म्हणजे मघाच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथे मिळालं बघा. चकलीचा सोऱ्या सगळ्यांच्या घरी सारखाच असतो. पण आत्याच्या चकल्या तोंडात विरघळतात आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दाताने फुटत नाहीत. सगळी करामत भाजणीची आणि मोहनाची. वाचणारा शेवटासाठी वाचतच नाही. ‘होणार तर आहे, पण होणार कसं?’ एवढ्यासाठी वाचतो.

लग्न आठव्या वर्षी, मग प्रेम कधी?

आता आपल्या घरी येऊ. मराठीत छापील कादंबऱ्या सुरू झाल्या त्या एकोणिसाव्या शतकात. १८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली, तिचा विषय होता विधवांचे हाल. मग १८६१ ची ‘मुक्तामाला’, १८६८ ची ‘मंजुघोषा’ अशा अद्भुत गोष्टी आल्या. त्यांत राजवाडे, कारस्थानं, ताटातूट आणि शेवटी गोड. नायिका राजघराण्यातल्या किंवा दूरच्या कुठल्यातरी नगरीतल्या. पुण्या-मुंबईतली, आपल्या शेजारच्या वाड्यातली मुलगी प्रेमात पडलेली काही दिसत नाही. का बरं?

जरा विचार करा. त्या काळी कित्येक घरांत मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होऊन जायचं. नवरा कोण, हे वडीलधारी ठरवायची. मग ‘ती भेटली, भांडली, प्रेमात पडली’ हे घडणार कधी? तिसरीतल्या मुलीची प्रेमकथा कोण लिहील? ह. ना. आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक काढलं, आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली. यमू नावाची मुलगी आपली हकीकत स्वतः सांगते. तिचा नवरा चांगला आहे, तिला लिहायला-वाचायला उत्तेजन देणारा आहे. दोघांची माया आहे. पण तो वारतो, आणि मग विधवा झालेल्या यमूचे जे हाल होतात ते वाचवत नाहीत. प्रेमकथेला लागणारी पहिली वस्तू म्हणजे गुलाब नव्हे, बरं का! आधी मुलीला मोठं तर होऊ दिलं पाहिजे आणि तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायला जागा पाहिजे.

म्हणूनच नाटकवाल्यांनी पुराणांची वाट धरली असेल, असं मला वाटतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ १८८२ चं. सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरतंय आणि तिचं मन अर्जुनावर. अर्जुन संन्यासी बनून येतो, आणि मागून सूत्रं हलवतो तो कृष्ण. वेष बदलून आलेला नायक! आजही हा साचा जसाच्या तसा धावतो आहे, फक्त संन्याशाच्या जागी ड्रायव्हर नाहीतर माळी आला.

पुढे काळ बदलला. मुली शाळा-कॉलेजात जाऊ लागल्या. १९२९ साली सारडा कायदा झाला, त्याने मुलीच्या लग्नाचं वय किमान १४ आणि मुलाचं १८ ठरवलं. (आज ते मुलीचं १८ आणि मुलाचं २१ आहे. आणि जाता जाता, हा कायदा हरविलास सारडा यांच्या नावाचा. देवलांच्या १८९९ च्या ‘शारदा’ नाटकातही म्हाताऱ्या नवऱ्याशी ठरलेलं लहान मुलीचं लग्न हाच विषय असल्यामुळे पुष्कळ लोक कायद्याला ‘शारदा कायदा’च म्हणतात!) आणि नेमक्या याच सुमाराला मराठीत ना. सी. फडके यांच्या प्रेमकथा गाजू लागल्या. ‘जादूगार’ १९२८ ची, ‘दौलत’ १९२९ ची. कॉलेजात शिकलेली माणसं, टापटीप कपडे, चुरचुरीत संवाद. फडके स्वतः प्राध्यापक होते. त्यांच्या समोर दुसरे मोठे लेखक वि. स. खांडेकर. त्यांचा नायक ध्येयवादी, आणि प्रेमापेक्षा त्याग मोठा. दोघांचे चाहते तावातावाने वाद घालायचे. फडके म्हणत कला कलेसाठी, खांडेकर म्हणत कला जीवनासाठी.

माझं मत विचाराल तर खांडेकरांच्या वाक्यांना मी वहीत उतरवून घेत असे, पण पावसाळी दुपारी हात जायचा तो फडक्यांकडे. मात्र खांडेकरांचा ‘त्याग’ हासुद्धा एक साचाच झाला, हे कबूल करायला हवं. त्यांच्या मागून आलेल्या कितीतरी लेखकांच्या पुस्तकांत दोघांचं एकमेकांवर प्रेम असतं, कुणाचीच हरकत नसते, आणि तरी कुणीतरी एकजण उगाचच त्याग करून निघून जातो. अरे, पण का? समोरच्या माणसाला एकदा विचारा तरी!

पंचवीस लाख पुस्तकांचा रस्ता

साच्यांचा कारखाना बघायचा तर मात्र लंडनला जायला हवं. १९०८ साली जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून या दोघांनी तिथे एक प्रकाशनसंस्था काढली, ‘मिल्स अँड बून’. सुरुवातीला ते सगळ्याच प्रकारची पुस्तकं काढत. १९३० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की दोन पेन्स घेऊन पुस्तक घरी देणाऱ्या गल्लीतल्या लायब्रऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त खप प्रेमकथांचा आहे. मग त्यांनी त्याच धरल्या. कॅनडातल्या ‘हार्लेक्विन’ कंपनीने १९५७ पासून त्यांची पुस्तकं अमेरिका खंडात छापायला सुरुवात केली आणि १९७१ मध्ये कंपनीच विकत घेतली. भारतात या पुस्तकांचं अधिकृत प्रकाशन २००८ मध्ये सुरू झालं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर आणि गल्लीबोळांतल्या लायब्रऱ्यांत ती कोपरे दुमडलेल्या अवस्थेत मिळतच होती.

या पुस्तकांची एक अट कधी मोडायची नाही. शेवट गोडच! आणि नायक? डॉक्टर, सरदार, वाळवंटातला शेख, ग्रीक जहाजमालक. महिनाअखेरीला उधार मागणारा एकही नाही. हा श्रीमंतीचा साचा मला अलीकडे फार टोचतो. नायिकेला नोकरी नाही, भाडं थकलंय, भावाची फी भरायची आहे. या सगळ्या खऱ्या अडचणी. पण त्यांवर उत्तर काय? श्रीमंत नवरा! म्हणजे दहा पानं मेहनतीने गणित मांडायचं आणि शेवटी उत्तर पाठीमागच्या पानावरून उतरवून घ्यायचं. त्या मानाने ‘जेन एअर’ मधली जेन बघा. तिला काकांचे वीस हजार पौंड वारशाने मिळतात, ती ते चार वाट्यांत समान वाटते, आणि मग स्वतःच्या पायावर उभी राहून नायकाकडे परत जाते. फरक पडतो की नाही?

हो, मथळ्यातला रस्ता सांगायचा राहिलाच! इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ ‘एम ६ टोल’ नावाचा महामार्ग २००३ मध्ये सुरू झाला. त्याच्या डांबराच्या थरात मिसळायला कागदाचा लगदा लागत होता, म्हणजे डांबर धरून राहतं. त्यासाठी मिल्स अँड बूनच्या सुमारे २५ लाख जुन्या प्रतींचा लगदा वापरला! इतक्या नायक-नायिकांवरून रोज ट्रक धावताहेत. रस्ता गुळगुळीत आहे म्हणे. त्यांची वाट मात्र पुस्तकात कधी गुळगुळीत नव्हती.

‘नाही’ चा अर्थ काय?

आता जरा खुर्ची पुढे ओढून बसा. कारण इतका वेळ आपण हसत होतो, पण एक साचा असा आहे की त्यावर मला हसू येत नाही.

तो साचा असा. तो विचारतो, ती ‘नाही’ म्हणते. तो हटत नाही. तिच्या रस्त्यावर उभा राहतो, तिच्या मागे मागे जातो, मैत्रिणींकडून निरोप पाठवतो, घरासमोर रात्रभर भिजत उभा राहतो. आणि शेवटी ती विरघळते. पुस्तक म्हणतं, बघा, मनातून ती ‘हो’च म्हणत होती! सिनेमाने याला गाणंही लावलं. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हे बघितलं आणि त्यांना वाटलं की प्रेम असंच करतात. मुलींनी बघितलं आणि त्यांना वाटलं की कुणी असा त्रास दिला तर खूश व्हायचं असतं.

या साच्याचं वयही मोठं आहे. १७४० साली इंग्लंडमध्ये सॅम्युएल रिचर्डसनची ‘पामेला’ आली. पंधरा वर्षांची मोलकरीण आणि तिचा श्रीमंत मालक. तो तिला छळतो, कोंडून ठेवतो, ती दाद देत नाही. शेवटी तो सुधारतो आणि तिच्याशी लग्न करतो. लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. पण हसणारेही निघाले. हेन्री फील्डिंगने पुढच्याच वर्षी ‘शमेला’ नावाचं विडंबन लिहून त्या पुस्तकाची टर उडवली. आज वाचताना माझ्या मनात एकच येतं. कोंडून ठेवणाऱ्याचं हे बक्षीस आणि कोंडली गेली तिचं हे ‘भाग्य’?

आणि याला उत्तर दिलं ते पुन्हा जेन ऑस्टिननेच. १८१३ मध्ये तिची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आली. ‘आधी शत्रू, मग प्रेमी’ या साच्याची ही सगळ्या जगातली लाडकी आजी! एलिझाबेथ बेनेट, वीस वर्षांची, पाच बहिणींतली दुसरी. वडिलांची इस्टेट मुलींना मिळणार नाही, ती जाणार दूरच्या नातलगाला, कॉलिन्सला. म्हणजे वडील गेले की या मायलेकी रस्त्यावर. तेव्हा लग्न म्हणजे डोक्यावर छप्पर राहण्याचा प्रश्न.

हा कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतो. ती स्वच्छ ‘नाही’ म्हणते. तर तो काय म्हणतो? तो म्हणतो, मला माहीत आहे, चांगल्या घरच्या मुली पहिल्यांदा नाहीच म्हणतात, मनात होकार असला तरी! ती पुन्हा सांगते. तो पुन्हा हसतो. ती तिसऱ्यांदा सांगते, की अहो, मी एक विचार करणारी व्यक्ती आहे आणि मनातलं खरं सांगतेय. तरी त्याच्या डोक्यात शिरत नाही. हा प्रसंग इतका विनोदी लिहिलाय की पोट धरून हसाल. पण बघा, जो माणूस ‘नाही’ ला ‘हो’ समजतो त्याला ऑस्टिनने नायक नाही, विदूषक केलंय. दोनशे वर्षांपूर्वी!

आता नायक डार्सी. वर्षाला दहा हजार पौंडांचं उत्पन्न, आणि गर्व त्याहून मोठा. तोही एलिझाबेथला मागणी घालतो, तीही कशी? तुझं घराणं हलकं आहे, तरी मी मन मोठं करतोय, अशा थाटात! ती त्याला असं झाडते की बस. मग डार्सी काय करतो? तो तिने केलेल्या आरोपांना उत्तर देणारं एकच पत्र देतो आणि निघून जातो. मागे मागे फिरत नाही. महिने जातात. योगायोगाने भेट होते तेव्हा तो तिच्याशी आणि तिच्या मामा-मामींशी सभ्यपणे वागतो. तिच्या बहिणीला मोठ्या संकटातून सोडवतो, पण तिला कळू न देता. आणि शेवटी पुन्हा विचारतो, तेव्हा आधीच सांगतो, की तिचं मत अजून तेच असेल तर तिने तसं म्हणावं, तो पुन्हा या विषयावर अवाक्षर काढणार नाही. माझ्या मते सगळ्या प्रेमकथांमधली ही सगळ्यात रुबाबदार ओळ आहे. श्रीमंती विसरा, घोडागाडी विसरा.

ऑस्टिनला हे इतकं नीट कसं कळलं असेल? १८०२ च्या डिसेंबरात तिला स्वतःला एका श्रीमंत घरच्या मुलाने मागणी घातली होती. संध्याकाळी तिने ‘हो’ म्हटलं. सकाळी उठून ‘नाही’ सांगितलं आणि ती निघून आली. पुढे जन्मभर अविवाहित राहिली. जिच्या नावावर जगाने इतक्या प्रेमकथा केल्या तिने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ चे हक्क अवघ्या ११० पौंडांना विकले होते, तिला मागायचे होते १५०.

नकार न पचणं हे फक्त मुलग्यांचंच दुखणं असतं असं मात्र समजू नका. महाभारतातली कच-देवयानीची गोष्ट आठवते? कच विद्या शिकून निघतो तेव्हा देवयानी त्याला लग्नाचं विचारते. गुरुकन्या बहिणीसारखी, असं म्हणून तो नाही म्हणतो. ती काय करते? शाप देते, तुझी विद्या तुला फळणार नाही! तोही उलट शाप देतो. आपल्या पूर्वजांनी या गोष्टीचा शेवट गोड केला नाही, हे फार बरं झालं.

आज कुणी मुलीच्या मनाविरुद्ध वारंवार तिच्या मागे जात असेल तर २०१३ पासून आपल्या कायद्यात तो सरळ गुन्हा आहे. मोबाइलवर, इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवली तरी. तेव्हा पुस्तकातला भिजत उभा राहिलेला नायक बाहेर भेटला, तर गाणं सुरू व्हायची वाट बघू नका. घरी सांगा, शाळेत सांगा. आणि आईबाबांनो, मुलीने असं सांगितलं तर "तूच काहीतरी केलं असशील" हे वाक्य तेवढं गिळून टाका.

पुस्तकं काढून घेऊन हे साधणार नाही, असंही मला वाटतं. काढून घेतलेलं पुस्तक पांघरुणात वाचलं जातं. त्यापेक्षा तेच पुस्तक तुम्हीही वाचा आणि जेवताना त्यावर कडाकडा भांडा. "हा नायक माझ्या घरी आला असता तर मी चहासुद्धा दिला नसता" एवढं जरी आईने म्हटलं, तरी पुष्कळ काम होतं.

थोडे आवडते, थोडे नावडते

एक बोलून मिटणारा गैरसमज मला सहन होत नाही. ती त्याला कुणा मुलीबरोबर बघते, ती मुलगी त्याची बहीण असते, आणि हे कळायला ऐंशी पानं लागतात! हा साचा चालतो तो फक्त विनोदात. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ मध्ये एका तसबिरीवरून केवढा गोंधळ उडतो, पण तिथे संशय घेणाऱ्यांनाच हसायचं असतं. चष्मा काढला की अचानक सुंदर दिसणारी नायिका, हाही साचा नको. मी चष्मा काढला तर मला बस कुठली आली तेही दिसत नाही.

‘आधी लग्न, मग प्रेम’ हा साचा मला आवडतो, कारण तो आमच्या आजीच्या पिढीत घरोघरी खरा होता. (खोटाही ठरायचा. तेव्हा तो वाचायलाच बरा.) पत्रांतून जमलेलं प्रेमही आवडतं, कारण पत्र लिहिणाऱ्याला थोडा विचार करावाच लागतो.

आणि सगळ्यात आवडती नायिका विचाराल, तर नळाची दमयंती. स्वयंवरात तिच्यासमोर पाच नळ उभे राहतात. त्यांतले चार देव, नळाचं रूप घेऊन आलेले. सगळे देखणे, सगळे सारखे. मग तिला दिसतं, की चौघांच्या पापण्या लवत नाहीत, अंगाला घाम नाही, गळ्यातले हार ताजे टवटवीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याचा हार कोमेजलाय, अंगावर धूळ आहे, घाम आहे, सावली पडली आहे. दमयंती त्याच्या गळ्यात माळ घालते.

तुमचा सगळ्यात नावडता साचा कुठला? आणि तो तुम्हाला लिहायला दिला तर कसा बदलाल? एका पानात लिहून पाठवा. आईबाबांचंही पान चालेल, पण वेगळ्या कागदावर. एकमेकांचं बघून लिहायचं नाही!